फॅमिली डॉक्टर आणि कॅन्सर : एकलहरे–नाशिकरोड पट्ट्यातून पाहिलेला इतिहास

नाशिक जिल्ह्यात कॅन्सरचा रुग्ण बहुतेक वेळा आधी नेहमीच्या डॉक्टरकडे जातो. तोंड आले आहे, तिखट सोसत नाही, पाळी बंद होऊन दोन वर्षे झाली तरी अंगावरून जाते, छातीत गाठ हाताला लागते, पण दुखत नाही, घास अडकतो. अशा तक्रारी घेऊन कोणी थेट कॅन्सर रुग्णालयाची पायरी चढत नाही. एकलहऱ्यासारख्या गावात पहिली पायरी म्हणजे दोन खोल्यांचा दवाखाना, बाकावर ताटकळत बसलेली माणसे आणि आत थंडीतापाच्या गर्दीतून वाट काढणारा एकटा डॉक्टर. कॅन्सरच्या उपचारांचा इतिहास या दवाखान्याच्या बाजूने क्वचितच लिहिला गेला. तो मोठ्या रुग्णालयांचा, यंत्रांचा आणि शल्यविशारदांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. दवाखान्याच्या बाजूने पाहिले तर दिसते ते इतकेच की, रोग सर्वांत आधी ज्याच्या नजरेस पडण्याची शक्यता होती, त्याच्या हाती अनेक दशके पुढच्या डॉक्टरच्या नावाने लिहिलेल्या चिठ्ठीपलीकडे काही नव्हते.

मराठी मुलुखात खेड्यापर्यंत आणि लहान शहरांपर्यंत आधुनिक वैद्यक पोहोचवले ते प्रामुख्याने एलसीपीएस डॉक्टरांनी. मुंबईत १९१२ साली कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाले. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या संस्थांत शिकून या कॉलेजची एलसीपीएस परीक्षा दिलेले डॉक्टर तालुक्याच्या गावी पाटी लावू लागले. १९४६च्या भोर समितीने देशात एकाच दर्जाचा, एमबीबीएस झालेला ‘मूलभूत डॉक्टर’ असावा अशी शिफारस केली आणि असे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम हळूहळू बंद पडले. समितीतल्या सहा सदस्यांनी याला विरोध नोंदवला होता. देशाला डॉक्टर कमी पडतील, हे त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. एमबीबीएस झालेले शहरात राहिले किंवा विशेषज्ञ झाले. एलसीपीएस डॉक्टरांची पिढी थकली तशी ती जागा आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांनी भरून काढली. नाशिकमध्ये पंचवटीतल्या गणेशवाडीत आयुर्वेद सेवा संघाचे महाविद्यालय असल्याने जिल्ह्यातल्या वैद्यांना बाहेरगावी जावे लागले नाही. आज ग्रामीण नाशिकमध्ये ‘आमचे डॉक्टर’ म्हटले जाते तेव्हा समोर बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेली व्यक्ती असण्याचीच शक्यता जास्त. कॅन्सरसंबंधीच्या जवळपास प्रत्येक सरकारी योजनेने या वास्तवाकडे काणाडोळा केला.

उपचाराचे दुसरे टोक परळला होते. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांचे पती दोराबजी टाटा यांच्या नावाच्या ट्रस्टने बांधलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. नाशिककरांच्या तोंडी मात्र त्याचे नाव ‘टाटा’ एवढेच. गावातला डॉक्टर “टाटाला दाखवून या” म्हणाला की घरात रडारड सुरू होई, कारण या वाक्याचा दुसरा अर्थ कोणी लावत नसे. नाशिकरोडहून मुंबई रेल्वेने साधारण १९० किलोमीटर. १९७५ मध्ये पंचवटी एक्सप्रेस सुरू झाल्यावर पहाटे निघून सकाळी दादरला उतरणे आणि रात्री परत येणे जमू लागले. तपासणीपुरते हे ठीक होते. रेडिएशनचा शेक मात्र आठवड्यातून पाच दिवस आणि तोही सहा-सात आठवडे घ्यावा लागे. रोजंदारीवरच्या माणसाने एवढे दिवस मुंबईत राहायचे कुठे? गाडगे महाराज मिशनची दादरची धर्मशाळा आणि परळमधील नाना पालकर स्मृती समिती यांचा आधार याच प्रश्नातून उभा राहिला. ज्याला तिथे जागा मिळाली नाही, तो अनेकदा उपचार अर्धवट टाकून गावी परते आणि पुन्हा त्याच जुन्या डॉक्टरसमोर जाऊन बसे.

टाटा रुग्णालयाच्या पहिल्याच दशकात एक गोष्ट स्पष्ट झाली होती. या देशातले बरेचसे कॅन्सर डोळ्यांना दिसणारे आणि बोटांना लागणारे आहेत. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये भारतीयांमधील तोंडाच्या कॅन्सरवर लिहिले. पुढच्या वर्षी सहकाऱ्यासह त्यांनी कमरेच्या कातडीवर होणाऱ्या एका कॅन्सरचे वर्णन केले. धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी आवळली जाते, तिथली कातडी काळी पडते, खपल्या धरते, आणि काही जणांत पुढे तिथेच न भरणारी जखम होते. हा ‘धोतराचा कॅन्सर’ वैद्यकीय ग्रंथांत याच नावाने नोंदला गेला. नऊवारी-पाचवारीच्या आतील परकराच्या नाडीनेही तेच होते. वर्ध्याच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची माहिती अलीकडे, २०२४ मध्ये, आंतरराष्ट्रीय नियतकालिकात दिली. यासाठी ना स्कॅन लागतो ना महागडे यंत्र. नाडी सैल करून कंबर पाहिली की पुरते. अडचण अशी की, पाच मिनिटांच्या तपासणीत कंबर पाहण्याची वेळ सहसा येत नाही, आणि पुरुष डॉक्टरसमोर बाईला ते सांगण्याचा धीर होत नाही.

एकलहरे या चित्रात आले ते विजेमुळे. नाशिकरोडजवळ, गोदावरीच्या काठालगतच्या या गावाच्या हद्दीत राज्य वीज मंडळाने कोळशावर चालणारे औष्णिक केंद्र उभारले. १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले. पुढे २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले. जमिनी गेल्या, नोकऱ्या आल्या. पाळीत काम करणारे कामगार, कंत्राटदारांची माणसे, कोळसा आणि राख वाहणारे मजूर, त्यांच्यामागे आलेली चहा-पानाची टपरी असा सगळा गोतावळा वाढला. आधीपासूनच नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आणि १९६२ पासून करन्सी नोट प्रेसचे कामगार होते. देवळालीला छावणी होती. कारखाना कायद्याप्रमाणे पाचशेहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी प्रथमोपचाराची खोली आणि तिथे वैद्यकीय माणसे ठेवावी लागत. कायम नोकरीतल्या माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय खर्चाची हमी असे. कंत्राटी मजुराला आणि आसपासच्या शेतकऱ्याला ती नव्हती. त्यांचा आधार होता खासगी दवाखाना आणि तिथली उधारी.

पट्ट्याच्या दक्षिणेला सिन्नर, म्हणजे विडीचा गाव. विडी वळणाऱ्या बायकांच्या कामाला १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने, तर त्यांच्या औषधोपचाराला १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने आधार दिला. त्यातून विडी कामगारांसाठी दवाखाने निघाले. विडीपेक्षाही दाट सवय होती ती चुना-तंबाखूची. पाळीवरचा कामगार डोळा लागू नये म्हणून गालात विडा धरतो, शेतावरची बाई सकाळी मिश्री घासते, आणि दोघांनाही त्यात व्यसन असे काही वाटत नाही. १९७२ मध्ये डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात कॅन्सरच्या आधीचे बदल आणि तंबाखू यांचे नाते पक्के दिसले. पुढे सुपारी आणि गुटख्याने तरुण पोरांत दुसराच त्रास आणला. तोंड उघडेनासे होऊ लागले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर ती किती पाळली जाते हे टपरीवरच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे.

तोंडाच्या तपासणीचे तंत्र इतके साधे आहे की ते शिकायला महिने लागत नाहीत. रुग्णाला स्वतःचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगायचे. मावली नाहीत तर जबडा आकसतो आहे. मग बॅटरीच्या प्रकाशात गालाची आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा तळ आणि तंबाखू जिथे धरली जाते तो ओठामागचा खळगा पाहायचा. पांढरा चट्टा पुसून निघतो का, लाल चट्टा आहे का, फोड दोन आठवड्यांत भरला का, हातमोजा घालून बोट फिरवल्यावर तळ कडक लागतो का, आणि शेवटी मानेच्या गाठी. दोन आठवड्यांची ही मुदत महत्त्वाची आहे. दात घासून फोड आला असेल तर दात बोथट करून दोन आठवड्यांत तो भरतो. भरला नाही तर तुकडा तपासायला पाठवायचा. प्रत्यक्षात होते ते असे: ‘बी’ कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, मग तोंडाला लावायचे जेल, मग दुसऱ्या डॉक्टरकडच्या त्याच गोळ्या. शिवाय ‘तुकडा काढला की पसरतो’ ही समजूत आडवी येते. रुग्णालयातल्या अनोळखी डॉक्टरपेक्षा घरच्या डॉक्टरच्या शब्दाने ती लवकर दूर होते.

घरच्या डॉक्टरची बाजू न्यायाने पाहायची तर एक हिशेब लक्षात घ्यावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १४ लाख ६१ हजार नवे कॅन्सर रुग्ण झाले, म्हणजे लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण शंभर. दोन हजार माणसे ज्याच्याकडे येतात अशा डॉक्टरला वर्षात दोन नवे रुग्ण दिसतील, आणि तेही हजारो खोकले, ताप, पोटदुखी यांच्यात मिसळलेले. रोग दुर्मीळ नाही, पण एका दवाखान्यापुरता तो विरळ आहे. म्हणून ‘डॉक्टरला कळले कसे नाही’ हा नातेवाइकांचा राग समजण्याजोगा असला तरी चूक नेहमी अज्ञानाचीच असते असे नाही.

यावरचा सर्वांत बोलका मराठी प्रयोग नाशिकपासून दूर, बार्शीला झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या या बाजारपेठेच्या गावी डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय उभे केले. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ पासून शहराची कॅन्सर नोंदणी चालवली होती. १९८१ च्या अखेरीस राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम सुरू झाला, पण तोही शहरांचा. खेड्यातली देशातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरात नोंदणीचा कर्मचारी रुग्णालयांच्या वह्या चाळतो. इथे वह्या नव्हत्याच, कारण बहुतेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले. जाणत्या माणसांना भेटले, कोणाला गाठ आहे, कोणाचे रक्त जाते, कोण खंगत चालले आहे, हे विचारले. संशयित रुग्णाला समजावून बार्शीला तपासायला आणले. मोजायला निघालेली माणसे अशी आपोआप आरोग्य शिक्षक झाली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, या काळात गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण वाढले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. माणसे विचारपूस करत राहिली एवढाच फरक.

बार्शीच्याच पायावर उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट, आणि चार पर्याय: एचपीव्ही विषाणूची तपासणी, पेशींची तपासणी, व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणे, आणि नेहमीची सेवा. निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. एका एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले; इतर दोन पद्धतींनी लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना तयार करून दुसरी चाचणी केली. तिथे व्हिनेगरच्या तपासणीनेच मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१४ मध्ये जाहीर झाले. दोन निकाल जुळत नाहीत, आणि तज्ज्ञ त्यावर अजून वाद घालतात; तपासणी किती वेळा झाली आणि किती कसून झाली हा वादाचा गाभा आहे. त्याच स्त्रियांनी केलेल्या स्तन तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्के कमी, सर्व वयांत मिळून मात्र घट १५ टक्क्यांची आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारी.

या साऱ्या प्रयोगांत नर्स आहे, आरोग्यसेविका आहे, दहावी झालेली ताई आहे. खासगी फॅमिली डॉक्टर नाही. सरकारी कार्यक्रमांतही तेच. १९७५-७६ चा राष्ट्रीय कॅन्सर नियंत्रण कार्यक्रम सुरुवातीला यंत्रसामग्रीभोवती फिरला. १९८४-८५ मध्ये प्रतिबंध आणि लवकर निदान यांना स्थान मिळाले. २०१० मध्ये शंभर जिल्ह्यांत कॅन्सर, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा एकत्र कार्यक्रम आला. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिशीपुढच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांसाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी ठरवली. आज आशाताई दारोदार फिरून एक फॉर्म भरते: तंबाखू खाता का, तोंडातला फोड दोन आठवड्यांत भरला का, छातीत गाठ आहे का. फॉर्म उपकेंद्रात जातो. गावातल्या ज्या डॉक्टरकडे तेच माणूस गेल्या महिन्यात तीनदा गेले होते, त्याला या फॉर्मचा पत्ता नसतो. क्षयरोगात असे झाले नाही. २०१२ पासून खासगी डॉक्टरने क्षयरुग्ण कळवणे सक्तीचे झाले आणि २०१८ पासून त्याबद्दल पाचशे रुपये मानधन मिळू लागले. खासगी डॉक्टरला वगळून क्षय आटोक्यात येणार नाही, हे सरकारने मान्य केले. कॅन्सरबाबत देशभर लागू असा नोंद कळवण्याचा नियमही नाही.

ब्रिटनचा रस्ता उलटा होता. तिथे प्रत्येक नागरिक एकाच जनरल प्रॅक्टिशनरकडे नोंदवलेला असतो. १९९९ मध्ये स्तनाच्या आणि २००० अखेर सर्व कॅन्सरसाठी, डॉक्टरला संशय आला की दोन आठवड्यांत विशेषज्ञाची भेट, हा नियम झाला. २०१५ मध्ये तिथल्या मार्गदर्शक संस्थेने, तीन टक्के शक्यता वाटली तरी रुग्ण पुढे पाठवावा, असे सांगितले. त्याच वर्षी लॅन्सेट ऑन्कॉलॉजीच्या आयोगाने प्रतिबंधापासून उपचारानंतरच्या देखरेखीपर्यंत प्राथमिक डॉक्टरचा वाटा कसा वाढवता येईल याची सविस्तर मांडणी केली. हे जसेच्या तसे नाशिकला लागू पडत नाही. इथे रुग्ण कोणाच्या यादीत नसतो. तो एका आठवड्यात दोन डॉक्टर, एक मेडिकल दुकान आणि एखादा देवऋषी करून आलेला असतो. पण चिठ्ठीला मुदत आणि ठिकाण असावे, ही गोष्ट घेण्यासारखी होती.

वेदना शमवण्याच्या बाबतीत तर कायद्यानेच वाट अडवली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांची इतकी कटकट झाली की, देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर १९९७ पर्यंत सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये मुंबईत शांती आवेदना हे देशातले पहिले हॉस्पिस उघडले. १९९७ मध्ये पुण्यात सिप्लाचे केंद्र आले. गावात मात्र शेवटच्या आजारातला रुग्ण घरीच असतो आणि डॉक्टरकडे फार तर साध्या वेदनाशामक इंजेक्शनची सोय. महाराष्ट्राने २०१२ मध्ये वेदनाशामक उपचारांचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, धोरण स्वीकारले. अमली पदार्थ कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवान्यावर मॉर्फिन ठेवता येऊ लागले. संस्थेला, म्हणजे एकट्या दवाखान्याला सहसा नाही. त्यामुळे गोळी जिल्हा रुग्णालयात आणि वेदना घरी, हे अंतर पुरते मिटलेले नाही.

खर्चाची बाजू थोडी हलकी झाली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आली. शेजारचे धुळे त्यांत होते, नाशिक नव्हते. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर होऊ लागले आणि नाशिक शहरातच कॅन्सरची खासगी व धर्मादाय रुग्णालये उभी राहिल्याने परळची वारी कमी झाली. कोणते रुग्णालय योजनेत आहे, कार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का, आरोग्यमित्र कुठे बसतो, हे सांगणे आता फॅमिली डॉक्टरच्या कामाचा भाग झाले आहे. २०१८ मध्ये राज्याने टाटा रुग्णालयाच्या मदतीने जिल्हा रुग्णालयांत किमोथेरपीची दिवसभराची सोय करायचे ठरवले. पहिल्या दहा जिल्ह्यांत नाशिक होते. टाटात शिकून आलेला फिजिशियन आणि नर्स, योजना वरच्या तज्ज्ञांची, सलाइन जिल्ह्यात. कॅन्सरचा उपचार विशेषज्ञाच्या हातून सामान्य डॉक्टरकडे अधिकृतपणे सरकण्याचे राज्यातले हे ठळक पाऊल होते.

किमो जवळ आली तसे नवे काम दवाखान्याच्या दारात आले. डोस घेतल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइटचा ताप म्हणजे आणीबाणी असते. नेहमीच्या रुग्णाला दिली जाणारी तापाची गोळी आणि “दोन दिवसांनी दाखवा” हा सल्ला इथे जिवावर बेतू शकतो. त्याच दिवशी रक्त तपासून रुग्णाला पुढे पाठवावे लागते. नळी घातलेल्या हातावर पट्टा बांधून रक्तदाब घ्यायचा नाही, तोंड सोलवटल्यावर काय खाऊ घालायचे, पुढची तारीख चुकू द्यायची नाही, घरच्यांच्या काढ्यांत आणि भस्मांत काय चालेल काय नाही, हेही त्यात आले. शेवटच्या मुद्द्यावर आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या डॉक्टरचा शब्द शहरातल्या विशेषज्ञापेक्षा अधिक मानला जातो.

हे शिकवायचे कुठे, याचे कागदोपत्री उत्तर नाशिकमध्येच आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथे म्हसरूळला आहे आणि राज्यातली ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या ही सारी महाविद्यालये त्याच्या छत्राखाली येतात. ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची मुभा देणाऱ्या २०१४ च्या कायदेबदलानंतर होमिओपॅथी डॉक्टरांसाठी याच विद्यापीठाने औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवला. त्यावरून डॉक्टरांच्या संघटनांत वाद पेटला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. वाद कोणी कोणती औषधे लिहावीत यावर होता. तोंड कसे तपासायचे, गाठ कधी पुढे पाठवायची, किमोच्या रुग्णाचा ताप कसा हाताळायचा, यावर दोन्ही बाजूंचे मतभेद होण्यासारखे काही नाही आणि हे विषय कोणत्याही पदवीच्या डॉक्टरला थोड्या दिवसांत शिकवता येतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे आणि पहिल्याच वर्षी त्यांपैकी दोनशे, अशी घोषणा झाली. केंद्रे जितकी वाढतील तितके किमो घेऊन संध्याकाळी घरी परतणारे रुग्ण वाढणार आणि रात्री ताप आला तर ते आधी ज्यांच्याकडे जाणार ते बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टर आजही या कार्यक्रमाच्या प्रशिक्षणाबाहेरच आहेत.